पावसाचा हिशेब आणि मृत्यूचा

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जो पाऊस कोसळतो, त्याचा हिशेब सरकारदरबारी इतका चोख ठेवला जातो की, कोणत्या महसूल मंडळात कोणत्या तारखेस किती मिलिमीटर पाणी पडले हे घरबसल्या कोणासही पाहता येते, आणि एखाद्या मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरचा आकडा ओलांडला गेला की अतिवृष्टीची नोंद होऊन पंचनाम्याची कागदपत्रे हलू लागतात. त्याच चार महिन्यांत, त्याच मंडळातील पाड्यांवर किती मुले दगावली, कोणत्या आठवड्यात दगावली आणि कोणत्या विकाराने दगावली, हा तपशील मात्र असा उघड्यावर येत नाही. तो कोठेच नसतो असे नव्हे. ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदवहीत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक अहवालात, अंगणवाडीच्या रजिस्टरात तो तुकड्यातुकड्यांनी पडलेला असतो, आणि एखादे प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजले, विधिमंडळात लक्षवेधी लागली किंवा उच्च न्यायालयाने प्रतिज्ञापत्र मागितले म्हणजे तेवढ्यापुरता एकत्र करून सादर केला जातो.

पावसाचा आकडा रोजचा आणि मृत्यूचा आकडा प्रसंगोपात्त, ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील विपरीतपणा आता आपल्याला जाणवतही नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की, या डोंगरी मुलखातील बालमृत्यू ऋतूमुळे होत नाहीत, परंतु ऋतूच्या वेळापत्रकाने होतात. आणि ज्या संकटाचे वेळापत्रक ठाऊक आहे त्याला आपत्ती म्हणण्याचा अधिकार कोणत्याही प्रशासनास उरत नाही.

ऋतुमान आणि मृत्युसंख्या यांचा ताळा घालून पाहण्याची कल्पना काही नवी नाही. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत लंडनच्या उत्तरेकडील इस्लिंग्टन या विभागावर १८५६ साली एडवर्ड बॅलर्ड नावाचे एक डॉक्टर आरोग्याधिकारी नेमले गेले आणि १८७१ पर्यंत त्या जागेवर राहिले. दवाखाने आणि गोरगरिबांवर उपचार करणारे वैद्य यांच्याकडून आजारांचे आकडे आठवड्यागणिक मागवावयाचे, त्यांच्याशेजारी तापमान, पाऊस व हवेतील दमटपणा यांचे आकडे मांडावयाचे, आणि कोणता विकार कोणत्या हवेत वाढतो वा ओसरतो हे वर्षानुवर्षे न कंटाळता पाहत राहावयाचे, असा त्यांचा क्रम होता. इंग्लंडात जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८३७ पासून सुरू झाली होती आणि विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या नजरेखाली तयार होणारी लंडनच्या मृत्यूंची साप्ताहिक यादी छापून प्रसिद्ध होत असे. त्या यादीच्या तीस वर्षांच्या साठ्यावरून अलेक्झांडर बुकन आणि आर्थर मिचेल यांनी १८७५ च्या सुमारास जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात थंडीबरोबर श्वासनलिकेच्या विकारांचे आणि उन्हाळ्याबरोबर तान्ह्या मुलांच्या अतिसाराचे मृत्यू कसे चढतात, हे वर्षाच्या आलेखावर स्पष्ट उमटले होते.

बॅलर्ड यांनी पुढे मध्यवर्ती सरकारच्या सेवेत असताना या उन्हाळी अतिसाराचा छडा लावण्याचे काम हाती घेतले आणि १८८९ च्या अहवालात एक विलक्षण निरीक्षण नोंदवून ठेवले: जमिनीत चार फूट खोल पुरलेल्या तापमापकाचा पारा ५६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला की अर्भकांच्या मृत्यूंची उन्हाळी लाट उसळी घेते. मातीतच कसलासा जंतू वाढत असावा, हा त्यांनी यावरून काढलेला निष्कर्ष टिकला नाही. माशा, उघडी विष्ठा, नासके दूध आणि अंगावरून तोडलेली तान्ही मुले यांकडे खरे बोट पुढच्या पिढीने दाखविले. पण तर्क चुकला तरी तक्ता खरा होता, आणि पुढच्यांना त्याच तक्त्यावरून मार्ग सापडला. याच गृहस्थांनी १८७० साली इस्लिंग्टनात विषमज्वराची साथ आली तेव्हा आजारी घरांची यादी करून, ती घरे दूध कोठून घेतात हे विचारून काढले आणि साथीचा उगम एका दूधवाल्यापर्यंत नेऊन पोहोचविला. हवेकडे पाहणारा माणूस दारोदार जाऊन दुधाची चौकशीही करीत होता, हे त्यांच्याविषयी मला विशेष वाटते; कारण आपल्याकडे हवेचे नाव घेतले की चौकशी संपते.

त्याच काळात आपल्या मुलखाची स्थिती काय होती? मोखाडा हा ब्रिटिश अमलातील ठाणे जिल्ह्याचा, शहापूर तालुक्याच्या पोटातला एक पेटा होता, आणि लगतचे जव्हार हे मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान होते. १९०१ च्या खानेसुमारीत त्याचे क्षेत्र सुमारे ३१० चौरस मैल आणि लोकसंख्या साडेसत्तेचाळीस हजार भरली होती. इलाख्यातील खालसा गावांत मृत्यूची वर्दी घेण्याचे काम गावकामगारांकडे असे. पटकी आणि देवी ही दोन कारणे कोणासही ओळखू येत, हगवणीला एक रकाना असे, आणि उरलेले बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच सदरात जात. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसदाह, क्षय, बाळंतरोग हे सारे त्या एका सदरात विसावले. पावसाळा संपून भात पिकू लागले की घाटाखालच्या जंगलपट्टीत ताप पसरतो, हे रयतेलाही ठाऊक होते आणि आश्विन-कार्तिकात दौऱ्यावर निघणाऱ्या अंमलदारांनाही ठाऊक होते. कारण म्हणून हवेकडे बोट दाखविले जाई, उपाय म्हणून कोयनेल दिले जाई. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला आणि हवेवरचा तो जुना आळ उतरला. तथापि रकाना तसाच राहिला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाने डोके वर काढले होते. त्यापुढे काय झाले हे मराठी वाचकास सांगावयास नको: बंदर धोक्यात येताच सरकार खडबडून जागे झाले, १८९७ साली साथरोगांचा कायदा आला, घरे धुतली गेली, पुण्यात झडत्या झाल्या, त्यांतून रँडचा वध झाला. प्लेगच्या वेळी सरकारने केले ते सगळे योग्य होते असे मी म्हणत नाही, पुष्कळसे निर्दयपणाचे होते. परंतु मनात आणले तर ते राज्ययंत्र किती त्वरेने हलू शकत असे, एवढे त्यावरून कळते. डोंगरातल्या तापाने बंदर बंद पडत नव्हते, आणि त्यामुळे त्या तापासाठी कोणताही कायदा झाला नाही. मुंबईच्या आरोग्यासाठी १८६० साली विहार तलाव आणि १८९२ साली तानसा तलाव झाला. पुढे त्याच हेतूने वैतरणेवर मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा ही धरणे आली, आणि आज मोखाड्याच्या अंगावरून वाहून गेलेले पाणी महानगराच्या नळाला शुद्ध होऊन येते. त्या पाण्याच्या उगमाशी राहणारे लोक मात्र चैत्र लागला की टँकरची वाट पाहतात.

आता या मुलखाचे वर्ष कसे फिरते ते पाहावे. आणि ते एक जानेवारीपासून मोजण्यापेक्षा आगोठीपासून मोजणे बरे.

वैशाखाच्या अखेरीस मोखाड्यातील एखाद्या वाडीच्या विहिरीत वाकून पाहिले तर तळाशी दोन वीत गढूळ पाणी असते. एक बाई आत उतरलेली असते आणि कपारीतून झिरपणारे पाणी वाटीने हंड्यात भरीत असते, वर उभी असलेली दुसरी तो हंडा दोराने ओढून घेते, आणि डोक्यावरच्या कळशीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा दुहेरी तुकडा बांधलेला असतो, तोच गाळण्याचा सारा सरंजाम. टँकर आला तर तोही याच विहिरीत रिकामा केला जातो. मग मृगाचा पहिला पाऊस येतो, आणि उतारावरचा आठ महिन्यांचा केरकचरा, गुरांचे शेण, माणसांनी उघड्यावर केलेली घाण यांसह लोंढा विहिरीत आणि झऱ्यात उतरतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत पाड्यावर हगवण लागावी यात आश्चर्य कसले? यावरचा इलाज ज्ञात आहे, स्वस्त आहे, आणि तो गावात पोहोचलेलाही असतो: विहिरीत टाकावयाची ब्लीचिंग पावडर. परंतु पावडरीचा स्वभाव असा की, गोणी एकदा उघडी पडली आणि तिला पावसाळी दमट हवा लागत राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो केवळ पांढरा चुना. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ओल्या भिंतीशी टेकवून ठेवलेल्या गोणीतले ते पीठ जलसुरक्षक नेमाने विहिरीत टाकतो, वहीत नेमाने सही करतो. आणि पाणी होते तसेच राहते. पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग येतो का हे पाहण्याची साधी कसोटी आहे, वर्षातून दोनदा गावांना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धतही आहे. प्रश्न पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात ती कसोटी कोणी, किती पाड्यांवर केली, एवढाच असतो.

आषाढ-श्रावणात आवणीची घाई असते, आणि तेच दिवस घरातील कणगी रिकामी होण्याचे. आई पहाटेपासून चिखलात, तान्हे मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. दुपारचे अंगावरचे दूध चुकते, रात्री मिळते ते नाचणीची आंबील नाहीतर कोरडा भात. घरात ओल, चुलीचा धूर, अंगावर वाळलेला कपडा नाही. अशा मुलाला सर्दी होते, सर्दीचा फुप्फुसदाह होतो, आणि श्वास लागून पोट आत ओढू लागले म्हणजे मग नर्सबाईंचे उपकेंद्र आठवते. पण त्या वेळी वाघ नदी किंवा पिंजाळ दुथडी भरलेली असते, साकव पाण्याखाली असतो, आणि बांबूला चादर बांधून केलेल्या डोलीशिवाय वाहन नसते. २०२२ च्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यातील एका वाडीवर जुळी अर्भके गेली आणि त्यांच्या आईला डोलीतूनच न्यावे लागले, तेव्हा आठ-दहा दिवस महाराष्ट्र हळहळला. जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय हा या दोन्ही तालुक्यांचा मोठा आधार. पण तेथपर्यंत आलेल्या गंभीर मुलालाही पुढे नाशिक वा ठाणे गाठावे लागण्याचे प्रसंग येतात, आणि त्या घाटरस्त्यावरचे तास कोणत्याही अहवालात आजार म्हणून लिहिले जात नाहीत.

पाऊस ओसरला, ओढे मंदावले, की हिवतापाचे दिवस येतात. डोंगरउतारावरील संथ, स्वच्छ प्रवाहात अंडी घालणारी डासांची एक जात या कामी निष्णात आहे. आणि मग दिवाळी होते, भात झोडून होते, बयाणा घेतलेली कुटुंबे भिवंडी, वसई, नाशिककडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. येथे आकड्यांची एक मोठी फसगत दडलेली आहे. पौषातल्या थंडीत भट्टीच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पालात जे मूल न्यूमोनियाने जाते, ते जव्हारच्या नोंदवहीत येत नाही, कारण ते तेथे मेले नाही. भिवंडीच्या नोंदवहीतही पुष्कळदा येत नाही, कारण ते तेथले नव्हे. नवव्या महिन्याची गोवराची लस ज्या गावात द्यावयाची त्या गावाला मूल त्या महिन्यात परके झालेले असते. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर म्हणून ज्या जव्हारच्या थंडीची पर्यटकांना ओढ वाटते, त्या जव्हारचा हिवाळा कागदावर निरोगी दिसत असेल तर त्याचे एक कारण असे की, जव्हारची कितीतरी माणसे तेव्हा जव्हारात नसतात.

दरवर्षी मृत्यूंची बातमी आली की एक ठरावीक वाद रंगतो. वर्तमानपत्रे म्हणतात, मूल भुकेने गेले. प्रशासन खुलासा करते की कुपोषणाने नव्हे, अमुक आजाराने. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभरावर बालके दगावली आणि या भागाचे नाव देशभर झाले, तेव्हापासून हा वाद चालू आहे, आणि तो मुळातच खोटा आहे. पाच वर्षांखालील बालकांच्या जगभरच्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांमागे पोषणाची कमतरता असते असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. भूक मुलाला उभे राहू देत नाही आणि हगवण किंवा फुप्फुसदाह त्याला पाडतो, यात एकाला दोषमुक्त करण्यासाठी दुसऱ्याचे नाव पुढे करणे हा कारकुनी कावा झाला. वावर-वांगणीनंतर १९९५ च्या सुमारास राज्याने आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आखली, आणि तिच्यातील विचार, माझ्या मते, पूर्णतः शास्त्रीय होता: पावसाळ्यापूर्वी पाड्यापाड्यांचे सर्वेक्षण, धान्य आणि औषधांचा आगाऊ साठा, पाण्याचे शुद्धीकरण, फिरती वैद्यकीय पथके, पाड्यावरचाच स्वयंसेवक. ऋतूचे वेळापत्रक सरकारला मान्य आहे, याची ही लेखी कबुलीच म्हणावयाची. उणीव राहिली ती तिच्या फळाचा जाहीर हिशेब देण्याची.

हवा बदलल्यावाचून मृत्यूचा ऋतू मोडता येतो, याला इंग्लंडचाच दाखला आहे. १८९९ साली त्या देशात दर हजार जन्मांमागे १६३ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. १९१० पर्यंत हे प्रमाण १०५ वर आले, १९११ चा उन्हाळा कडक पडताच पुन्हा १३० वर गेले; पण १९२१ चा उन्हाळाही कोरडा आणि कडक असूनही आकडा ८३ च्या आसपासच राहिला. त्या मधल्या वर्षांत सूर्य सौम्य झाला नव्हता. मैल्याची व्यवस्था झाली होती, दुधावर देखरेख आली होती, शिक्षित सुइणी नेमल्या गेल्या होत्या, जन्माची वर्दी तात्काळ देण्याचा कायदा होऊन आरोग्यसेविका बाळंतिणीच्या दारात जाऊ लागल्या होत्या. महाराष्ट्राचे अर्भकमृत्यूचे प्रमाण २०२० च्या नमुना नोंदणीनुसार १६ होते, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. पण राज्याची सरासरी काढताना मुंबई-पुण्याचे आकडे मोखाड्याच्या आकड्यांवर पांघरूण घालतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पाऊस आणि मृत्यू यांचा असा तक्ता येथेही प्रसिद्ध करा असे म्हटले की अधिकारी एक आक्षेप घेतात आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. मृत्यूचा आकडा वाढलेला दिसला की बडतर्फीची कुऱ्हाड आशा कार्यकर्ती, नर्स आणि कंत्राटी डॉक्टर यांच्यावर पडते. मग खालचा माणूस आकडा लपवावयास शिकतो, मृत जन्म आणि जन्मून मेलेले यांची सरमिसळ होते, कारणाच्या रकान्यात ‘इतर’ वाढते. हे खरे आहे. परंतु त्यावरचा उपाय आकडा झाकणे हा नव्हे. आकडा देणाऱ्यास अभय देणे हा आहे. प्रत्येक बालमृत्यूचे अन्वेषण करण्याचा नियम आजही आहे, आणि त्या अन्वेषणात सर्वप्रथम साकव केव्हा वाहून गेला, पावडर केव्हा आली, रुग्णवाहिका किती वेळाने निघाली, खावटी वाटली गेली की नाही, हे विचारले गेले तर दोष आपोआप योग्य कचेरीच्या दारात जाऊन उभा राहील.

तेव्हा पालघर जिल्हा परिषदेकडे मागणी अशी की, जव्हार आणि मोखाड्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू आठवडावार आणि कारणवार, नावे न देता, त्या मंडळातील पावसाच्या आकड्याशेजारी मांडून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. स्थलांतरित कुटुंबांतील मृत्यू मूळ गावाच्या खाती घ्यावेत, मग ते भिवंडीस घडलेले असोत की नाशकास. आणि ३१ मेपूर्वी कोणत्या पाड्यांवर धान्य, औषध व कसोटीस उतरलेली पावडर पोहोचली याची यादी त्याच फलकावर असावी. यासाठी नवा कायदा नको आणि नवे अनुदानही नको. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक मृत्यूची वर्दी एकवीस दिवसांच्या आत द्यावयाची आहे, ती घेणारा ग्रामपंचायतीचा अधिकारी नेमलेला आहे, पर्जन्यमापक बसविलेला आहे, आणि फलकही भिंतीवर टांगलेला आहे.